आबांची गाळापाहणी

यंत्र सुरू झालं, की राजनंदिनी शिंकायची. मिरची कांडपाचं ते यंत्र रेश्मानं सोप्यात बसवलं तेव्हा लेक पोटात होती. आता ती रांगत थेट मिरचीच्या पोत्याशी पोचायची आणि लाल बोटं तोंडात घालून घर डोक्यावर घ्यायची. आत पाळण्यात ठेवावं, तर ठसका. यंत्र बंद ठेवावं, तर गिऱ्हाईक दारात. ते घराबाहेर हलवणं भाग होतं, तेही लवकर.

कवठे महांकाळच्या स्टँडमागे मानसिंगरावांचा कोपऱ्यावरचा गाळा रिकामा होता. रेश्मा त्याच दिवशी होय म्हणणार होती. पण सासरे आकाराम, म्हणजे आबा, फौजेतून आलेले.

"जागा बघितल्याबिगर तंबू ठोकायचा न्हाई," ते म्हणाले. "आदी रेकी. माणसं कितपत थांबत्यात ते बघतो. मग कुपवाडचा गाळाबी बघतो. मग ठरवू."

"आवं आबा, तवर दुसऱ्या कुणी घेतला तर?"

"घेतंय कोण? मी हाय की तितं."

आबांनी गाळ्यासमोर खुर्ची टाकली. पिळदार मिशा, ताठ पाठ आणि समोर बंद शटर. एवढं दिसल्यावर तिथला माणूस पुढं जाईल कसा? "पावणं, गाव कंचं?" पहिल्यानं विचारलं. आबांनी गाव सांगितलं, भावकी सांगितली, मग लेहच्या थंडीत गोठलेली डाळ कुऱ्हाडीनं फोडल्याचं सांगितलं. ऐकायला दुसरा थांबला. त्या दोघांना बघून तिसरा. दुपारपर्यंत तिथं उभं राहायला जागा नव्हती.

संध्याकाळी आबा खूश. "लय गर्दी हाय गं. जागा एक नंबर."

"मग कळवू त्यास्नी?" लेकीचं नाक पुसत रेश्मानं विचारलं.

"कुपवाड ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवशी कुपवाडहून ते खट्टू होऊन परतले. "सगळी गाडीवर. हेल्मेटातनं कुणी रामरामबी करत न्हाई. तितं काय धंदा हुणार?"

रेश्मानं लगेच मानसिंगरावांना फोन लावला. ते अवघडले. "वैनी, काल गाळ्याम्होरं जत्रा भरलीवती. ती बघून, गुंडा म्हणून चहाचा गाडा लावणारा हाय, त्येनं आज इसार देऊन गाळा धरला की."

आबा भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचू लागले. रेश्मानं यंत्राचं बटण दाबलं. आत लेक शिंकली. रेश्मानं बटण बंद केलं, दोन येरझाऱ्या घातल्या, पुन्हा दाबलं. पुन्हा शिंक.

आठवड्यानं गुंडाच दारात हजर. "वैनी, आबा रोज येऊन बसतील का तितं? चा मीच करतुय आन मीच पितुय. लोक येत्यात, 'ते मिशावालं पावणं कुटं गेलं' इचारत्यात आन जात्यात."

आबांनी मिशीवर हात फिरवला. "पगार काय दिशील?"

"आबा फुकट येतील," रेश्मा मधेच म्हणाली. "चहा तेवढा पाजा. पण निम्मा गाळा माझा."

"आन मिरचीचा ठसका?" गुंडानं विचारलं.

"ठसका लागला की माणूस दुसरा चहा मागतोय."

गुंडा डोकं खाजवत विचार करत राहिला. आबा मात्र पायात बूट चढवून, बाहेर त्याच्या मोटारसायकलवर मागं जाऊन बसले होते.