खंडोजीची वळचण

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येक प्राण्याला घर होतं आणि प्रत्येक घराला रंग होता. त्या जंगलात खंडोजी नावाचं एक साळिंदर राहायचं.

खंडोजीला एकच खूळ होतं. वळचणीचं. छपराची कड भिंतीबाहेर येते ना, तिच्या पोटाला एक फळी ठोकलेली असते. तुम्ही ती कधी पाहिली नसेल. कोणीच पाहत नाही. खंडोजी मात्र दर वैशाखात शिडी लावायचा. कुजकी फळी बदलायचा, हवेची भोकं साफ करायचा, गांधीलमाश्यांना हात जोडून दुसरीकडे पाठवायचा आणि वर तेलाचा हात फिरवायचा.

शेजारचा दिगंबर रानडुक्कर ओट्यावर लोळत हसायचा. "अरे खंड्या, वळचण कोण बघतंय? माझ्यासारखा पुढच्या भिंतीला रंग दे. गुलाबी!"

"फळी कुजली की पाणी वाशांत शिरतं, दिगूशेठ. मग छप्परच जातं."

"जाईल तेव्हा बघू," असं म्हणून दिगंबर कूस बदलायचा.

आता खंडोजीचं एक दुःख होतं. लग्नात त्याने भागीरथीला शब्द दिला होता, की एक दिवस वाघमहाराज आपल्या घरी येतील. त्याला बारा वर्षं झाली. भागीरथी बिचारी बोलून दाखवत नसे. पण महाराजांच्या फेरीच्या दिवशी सडा घालायची, रांगोळी काढायची आणि दारात उभी राहायची. खंडोजीला ते बघवत नसे.

महाराज दर पावसाळ्यानंतर फेरीला निघत, हे खरं. पण जात फक्त पडलेल्या घरी. तशी रीतच होती. उभ्या घरात बघण्यासारखं असतं काय?

त्या वर्षी दिगंबरच्या वळचणीची फळी कुजून गळून पडली. भोकातून आधी पाणी शिरलं, मग उदमांजराचं कुटुंब, मग वाळवी. भाद्रपदात सगळं छप्पर धाडकन खाली आलं. नशीब, तेव्हा दिगंबर दुसऱ्याच कोणाच्या ओट्यावर लोळत होता.

महाराज आले. त्यांनी डोळे पुसले. दिगंबरला नवं घर मंजूर केलं आणि तिथल्या तिथे 'वळचण संवर्धन मंडळा'चा अध्यक्षही नेमलं.

"छप्पर पडण्याचा एवढा दांडगा अनुभव दुसऱ्या कोणाला आहे?" तरस कारभारी म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

खंडोजी धीर करून पुढे झाला. "महाराज, गरिबाच्या घरी पायधूळ झाडावी. हे काय, शेजारीच."

"तुमचं काय पडलं?"

"काहीच नाही, महाराज. बारा वर्षांत कौलसुद्धा हललं नाही."

महाराजांचा चेहरा उतरला. "अरेरे! मग येऊन करू काय?"

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचं व्याख्यान झालं. हजेरी सक्तीची होती. अध्यक्ष वळचणीवर दोन तास बोलले, आणि खंडोजीला शिडी धरायला उभं केलं.

घरी आल्या आल्या खंडोजीने तीच शिडी लावली आणि वळचणीची फळी उचकटायला घेतली.

"अहो, हे काय करताय?" भागीरथी ओरडली.

"महाराजांना यायला वाट करतोय."

पाच पावसाळे गेले. छप्पर ढिम्म हललं नाही. वासे बारा वर्षं कोरडे राहून लोखंडासारखे झाले होते. भागीरथी दर फेरीला दारात उभी राहतच होती. शेवटी खंडोजी मान खाली घालून अध्यक्षांकडे गेला.

"साहेब, छप्पर पडायला नेमकं काय करावं लागतं?"

दिगंबरने त्याच्या पाठीवरून जरा जपूनच हात फिरवला. "काहीच करायचं नसतं रे, खंड्या. आणि तेच तुला जमत नाही."

तात्पर्य: वळचणीची निगा राखली की छप्पर पडत नाही, आणि छप्पर पडलं नाही की दारात कुत्रं येत नाही, महाराज तर लांबच. तेव्हा मुलांनो, मोठं व्हायचं असेल तर लहानपणापासूनच ओट्यावर लोळायची सवय ठेवा. ओटा शक्यतो दुसऱ्याचा असावा.