जावईबापू मीटिंगमध्ये आहेत

त्रिशलाची रजा सहा महिन्यांची, अभिनंदनची चार आठवड्यांची. दोन्ही पगारी आणि दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या, हे नवराबायकोने डोहाळजेवणाच्या आधीच ठरवलं होतं. ठरवताना एवढंच लक्षात आलं नाही की पहिलं बाळंतपण माहेरी असतं. म्हणजे अभिनंदनची रजाही संकेश्वरला, सासुरवाडीतच जाणार होती.

बाळ झालं, आणि बेळगावहून बॅग घेऊन तो दारात उभा राहिला. सासूबाईंनी, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं आणि कौतुकाने विचारलं, "किती दिवस हाईसा, जावईबापू?"

"चार आठवडे."

लक्ष्मीबाईंच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

जावई म्हटला की दोन वेळचं गोडधोड आलं, तेही जैनाचं घर म्हणून दिवस मावळायच्या आत, आणि गरम. त्याने बाळाची दुपटी धुतली की लक्ष्मीबाई ती दोरीवरून काढून पुन्हा धुवत. मदतीला आलेल्या माणसामुळे घरातलं काम नेमकं दुप्पट झालं.

पण एक गोष्ट त्याच्याशिवाय घरात कुणालाच जमत नव्हती. त्याच्या खांद्यावर बाळ पाचव्या मिनिटाला झोपायचं. दवाखान्यातून आल्यापासून त्रिशला बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते बघत बसायची. तो आल्यावर ती पहिल्यांदा सलग दोन तास झोपली. त्या दोन तासांवरच तिचं सगळं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पद्माक्का बाळंतविडा घेऊन आल्या. त्यांनी बाळाकडे एकदा आणि जावयाकडे चारदा बघितलं.

"जावई कामाला जाईनात?"

"रजा हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"बाळंतीण ही, आणि रजा त्येंला?" पद्माक्का गंभीर झाल्या. जाताना दारात हळूच म्हणाल्या, "नोकरी सुटली आसंल तर झाकू नगं गं. आमच्या भरमाच्या दुकानात बघू काय तरी."

संध्याकाळी त्रिशलाचे वडील कुंथुनाथअण्णा घरी आले, तोवर वाटेत तिघांनी त्यांना धीर दिला होता.

"उद्यापासनं कोण आलं की जावईबापू गच्चीवर," अण्णांनी निकाल दिला. "लॅपटॉप घिऊन बसायचं. घरातनं काम चालू हाय म्हणू."

"पण अण्णा, मी खरंच रजेवर आहे."

"ते आम्हांस्नी ठाऊक हाय. लोकांस्नी कशाला?"

तेव्हापासून दारात चप्पल वाजली की जावई जिन्यावर. चार्जर बेळगावलाच राहिला होता, त्यामुळे तो काळ्या पडद्याकडे बघत बसे. खाली बाळ रडायला लागे, कारण खांदा वर गेलेला. बाळ रडलं की पाहुण्या उपाय सांगत जास्त वेळ बसत, आणि त्या बसल्या की खांदाही जास्त वेळ वरच राही.

"मीटिंगमध्ये हाईत," लक्ष्मीबाई सांगत. आठवड्याभरात मीटिंगा इतक्या वाढल्या की जावई फार मोठा साहेब असणार, असं गल्लीत ठरलं. मग पाहुण्या बाळाला झबलं आणि सोबत आपल्या मुलाचा बायोडेटा आणू लागल्या. पाळण्याखाली सतरा बायोडेटा जमले. त्रिशलाची झोप वीस मिनिटांवर आली.

शेवटी अण्णाच टेकीला आले. "सोमवारी बेळगावला जावा, जावईबापू. कंपनीनं बोलवून घेतलं म्हणू. सगळ्यांचीच सुटका."

अभिनंदन सासऱ्यांपुढे नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. त्याने मान हलवली.

तेवढ्यात पद्माक्का आत आल्या. जावई सवयीने जिन्याकडे वळला.

"थांबा," त्रिशला म्हणाली. "आक्का, हे मीटिंगला न्हाय चालले. ह्यांची रजा हाय, बाळाला सांभाळायला. कंपनी पगार देती त्याचा. आणि मला हे इथंच पायजेत."

लक्ष्मीबाई नसलेला घाम पदराने पुसू लागल्या. अभिनंदनने बाळ उचलून खांद्यावर घेतलं. पद्माक्का समोर बसून राहिल्या, बाळाचे डोळे मिटेपर्यंत.

"माझी चार झाली," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी एकबी असं धरलं न्हाय. हातनं पडंल म्हणायचे. पन्नास किलोचं पोतं कधी पडलं न्हाय त्येंच्या हातनं."

दुसऱ्या दिवशी चार बायका आल्या. झबलं कुणीच आणलं नव्हतं, प्रत्येकीने नवरा आणला होता. "बघून घ्या," म्हणत त्यांनी आपापल्या माणसाला जावयासमोर उभं केलं. चौघे पुरुष जावयाकडे न बघता अण्णांकडे रागाने बघत होते. बाळ खांद्यावर झोपलं होतं, आणि त्रिशला आतल्या खोलीत.

"अहो," लक्ष्मीबाई जागेवरून न उठता म्हणाल्या, "तेवढा च्या ठेवा की समद्यांस्नी."

अण्णांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. ते आत गेले. बराच वेळ डबे उघडण्याचे आणि मिटण्याचे आवाज येत राहिले. मग तीस वर्षं कारखान्याला ऊस घालणारे कुंथुनाथअण्णा बाहेर आले आणि बाळ उठू नये अशा बेताने जावयाच्या कानाशी वाकले.

"साखर कुठल्या डब्यात असती?"

"वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा."

अण्णा दोन पावलं गेले आणि परत आले.

"सोमवारी जाऊ नकासा," ते पुटपुटले. "अजून च्याची पूड सापडायची हाय."