शांतवन मिस्तरीचा क्षमा-सप्ताह

"सात दिवस, सात माणसं! दिवसाला एक क्षमा! लिहून घ्या, पाळकसाहेब!"

वसमतच्या चर्चमध्ये शांतवन मिस्तरीने भर उपासनेत उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या बायकोने, करुणाबाईने, डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, ती प्रार्थना करतेय. प्रार्थना ती करत होतीच, पण वेगळी!

खरं तर पाळकसाहेबांनी माणशी एकच क्षमा सांगितली होती. "ज्याच्याबद्दल मनात अढी आहे, अशा एकाला या आठवड्यात क्षमा करा आणि पुढच्या रविवारी साक्ष द्या," एवढंच त्यांचं म्हणणं. पण साक्ष देण्यात बर्णबा मास्तरांचा हात धरणारं अख्ख्या मंडळीत कोणी नव्हतं. मास्तरांची साधी सर्दी बरी झाली तरी तिची साक्ष अर्धा तास चाले आणि शेवटी बायका पदराला डोळे पुसत. त्यात पुढच्या रविवारी पाळकांचेही वरिष्ठ, अधीक्षकसाहेब, येणार होते आणि त्यांच्यासमोर मंडळीचा नवा कारभारी निवडायचा होता. उभे दोघंच. मास्तर आणि मिस्तरी. एका क्षमेने मास्तर हरणार नाहीत, हे शांतवनने बसल्या जागी ताडलं.

शांतवनचं वसमतजवळच्या हट्ट्याला बसस्टँडजवळ दुकान होतं. पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे आणि जळालेल्या मोटारी नवी तार भरून द्यायच्या. घरी आल्या आल्या तो कागद-पेन घेऊन बसला.

"अहो, क्षमा करायची म्हणजे आधी कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे ना?" करुणाबाई म्हणाली. "तुमचं हाय का कुणाशी भांडण?"

शांतवन विचारात पडला. जेवण झालं, चहा झाला, कागद कोरा! या माणसाच्या पायावरून रिक्षा गेली, तर रिक्षावाल्याला 'लागलं तर न्हाई ना?' विचारणारा हा प्राणी. पन्नाशी उलटली तरी आयुष्यात एक धड दुश्मन कमावला नव्हता! शेवटी माळ्यावरची भांडी खाली काढून घासावीत, तशा त्याने जुन्या-पुराण्या अढ्या एकेक करून बाहेर काढल्या आणि सात नावं कशीबशी जमवली.

सोमवारी पहिला नंबर उत्तमरावांचा. हे हळदीचे शेतकरी आणि जुनं गिऱ्हाईक. त्यांची विहिरीवरची मोटार त्या दिवशीसुद्धा दुकानात उघडी पडलेली होती. शांतवन त्यांच्या ओट्यावर गेला, हात जोडले आणि आवाजात पाळकसाहेबांसारखा कंप आणला.

"उत्तमराव, मी तुम्हाला क्षमा केली."

उत्तमराव सुपारी कातरत होते. "काहून? म्या काय केलं?"

"बारा वर्षं झाली. चौकात चार लोकांपुढं तुमी म्हणले व्हते, शांतवन मिस्तरीच्या हातात दम न्हाई."

"म्हणलो असंल."

"ते मी मनातून काढून टाकलं."

"काढू नको! खरंच हाय ते!" उत्तमराव अडकित्त्यासकट उठले. "ती मोटार तीन दिवसांत जळाली व्हती! म्या इसरलो व्हतो, बरी याद दिली! मंग आत्ताची मोटार कोनाच्या हातात देऊन बसलो म्या?"

तासाभरात उत्तमराव दुकानात हजर! अर्धवट भरलेली मोटार त्यांनी उचलून मोटारसायकलला बांधली. तांब्याच्या तारा बाहेर लोंबत होत्या. ऑपरेशन अर्ध्यावर टाकून पेशंटला घरी न्यावं, तशी ती मोटार गेली. शांतवनने कॅलेंडरवर सोमवारच्या चौकटीत बरोबरची खूण केली.

मंगळवारी अन्सारभाईंचा नंबर. आता अन्सारभाई म्हणजे शेजारच्याच दुकानातले टेलर. दोन दुकानांच्या मध्ये भिंतसुद्धा नव्हती, एका हाकेवर चहा. तसा मैत्रीत खोट काढायला जागा नव्हती, पण यादी भरायची म्हटल्यावर शांतवनला आपल्या लग्नातली पँट आठवली.

"अन्सारभाई, ती पँट चार बोटं आखूड झाली व्हती. लग्नाच्या सगळ्या फोटोत माझे मोजेच दिसतेत. पण जाऊ द्या. माफ केलं तुम्हाला!"

अन्सारभाईंचा मशीनवरचा पाय थांबला. त्यांनी चष्मा काढला.

"शांतवनभाई, अठ्ठावीस साल आपण संगं चा पिऊन राहिलो. आन् इतके दिवस तुमच्या पोटात पँट व्हती?"

"पोटात न्हाई हो, म्हणजे..."

"पँट बराबर व्हती! माप घेताना तुमी गुडघे वाकवून उभे व्हते! लग्नाच्या डरानं!"

एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या कापडाचा एक तुकडा काढला आणि दोन दुकानांच्या मध्ये पडदा म्हणून ठोकला. पुढचे दिवस ते पडद्याआड एकटेच चहा पीत राहिले. फुरके मात्र मुद्दाम मोठे मारत!

बुधवारी शांतवनने ठरवलं, आता जोखीम नको, क्षमा घरातच करू. करुणाबाई भाकरी थापत होती.

"करुणा, मी तुला क्षमा केली."

थापणारा हात थांबला. "कशाबद्दल?"

इथे मिस्तरीची तयारी कमी पडली. एखादी गोष्ट नाव घेऊन सांगावी, तर तिच्या जोडीला आपल्या दहा निघतील, एवढी अक्कल त्याला होती. म्हणून त्याने सावधपणे उत्तर दिलं, "असं एखाद्या गोष्टीबद्दल न्हाई. एकूण."

"एकूण?"

"एकूण."

करुणाबाईने भाकरी तव्यावरून अर्धी कच्चीच उचलली आणि त्याच्या ताटात ठेवली. मग ती जी गप्प झाली, ती झालीच. त्या भागात अधूनमधून जमीन हादरते. हादऱ्याच्या आधी कुत्री जशी गप्प होतात, तसं घर गप्प झालं. यादीतली उरलेली चार नावं मिस्तरीने गुपचूप खिशात घातली.

इकडे गावात वेगळंच शिजत होतं. उत्तमरावांनी पानाच्या टपरीवर सांगितलं, अन्सारभाईंनी बटणं लावता लावता चौघांना सांगितलं. असा भला माणूस एकाएकी माफी वाटत काहून सुटला? कोणीतरी डोकं चालवलं, "मरायला टेकलेलं माणूसच असं मन साफ करतंय! डॉक्टरनं जबाब दिला असंल!" झालं! गुरुवारी सकाळी शांतवनला पोटाचं दुखणं होतं, दुपारी ते काळजापर्यंत गेलं आणि चारची एसटी यायच्या आत 'नांदेडच्या डॉक्टरनं पंधरा दिवस दिले' इथवर मजल गेली.

खात्री करून घ्यायला उत्तमरावांच्या मंजुळाबाई करुणाबाईकडे आल्या. बघतात तर बाईचा चेहरा सुजलेला, डोळे लाल!

"कसं काय हो मिस्तरींचं?" मंजुळाबाईंनी हळूच विचारलं.

करुणाबाईच्या डोक्यात ते 'एकूण' घण घालत होतं. "त्यांचं काही खरं न्हाई आता!" ती दात खात म्हणाली.

मंजुळाबाईंनी तिथेच गळा काढला.

शुक्रवारी दुपारी दुकानापुढे रांग लागली! कोणी शहाळं आणलं, कोणी पपई, कोणी नुसताच खांदा दाबून गेला. मोटारीला लावायच्या व्हार्निशच्या वासाने शांतवनला खोकला आला, तर चार जण पाठीवर हात फिरवायला धावले.

"अहो, मला काय झालंय?"

"काही न्हाई झालं, मिस्तरी! काहीच न्हाई!" म्हणत बोलणाराच रडायला लागायचा.

उत्तमरावांनी लोंबत्या तारांची मोटार परत आणली आणि हळुवारपणे टेबलावर ठेवली. "मिस्तरी, म्या बोललो ते इसरून जा. तुझ्या हाताला तोड न्हाई. तेवढी ही मोटार भरून दे, मंग जा निवांत."

"जा? कुठं जा?"

उत्तमरावांनी वर आभाळाकडे पाहिलं.

तेव्हा कुठे मिस्तरीच्या डोक्यात दिवा लागला! "अहो, मी ठणठणीत हाय! घोड्यासारखा!"

"बघा, हिंमत बघा!" रांगेतून कोणीतरी गहिवरून म्हणालं.

शांतवन आता स्टुलावर चढून ओरडणार होता. तेवढ्यात मधला पडदा सरकला. अन्सारभाई दोन कप चहा घेऊन उभे होते. डोळे असे, की तिघांचं रडणं एकट्याने रडले असावेत. एक कप त्यांनी पुढे केला. तीन दिवसांनी मिळालेला चहा! शांतवनचं उघडलेलं तोंड मिटलं. त्याने कप घेतला, दोन घोट घेतले आणि, देव त्याला क्षमा करो, मुद्दाम एकदा खोकला.

घरी त्याने करुणाबाईला सगळं सांगितलं. अडीच दिवसांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "तुमी मराल तेव्हा मराल, हे मात्र जित्तेपणी निस्तरा!"

रविवारी उत्तमरावांच्या टेम्पोतून निम्मं हट्टा वसमतच्या चर्चला लोटलं. बातमी आधीच पोचलेली! पाळकसाहेबांनी उपासनेचा सगळा क्रम बाजूला ठेवून शांतवनसाठी खास प्रार्थना लावली होती. त्याला पुढे बोलावून शेजारी गुडघ्यांवर बसवलं आणि त्याच्या डोक्यावर इतके हात आले, की खाली मिस्तरी आहे की नाही, तेच दिसेना. वीस मिनिटं प्रार्थना चालली. अन्सारभाई शेवटच्या बाकावर दोन्ही हात पसरून आपल्या परीने दुआ मागत होते.

मग बर्णबा मास्तर उभे राहिले. "साहेब, या बंधूपुढे मी कोण? कारभारीपदासाठी माझं नाव मी मागे घेतो!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अधीक्षकसाहेबांनी विचारलं, "शांतवन, आता कसं वाटतंय?"

बघा, किती सोपं होतं! 'बरं वाटतंय' एवढं म्हणायचं, की चमत्कार झाला! आयुष्यभर पुरेल अशी साक्ष, वर कारभारीपद, वर अन्सारभाईंचा चहा कायमचा चालू. शांतवनने तोंड उघडलं. समोर करुणाबाई बसली होती. तिने भुवईसुद्धा हलवली नाही. मागे अन्सारभाई रुमालाने चष्मा पुसत होते, पुन्हा पुन्हा, तीच काच.

"साहेब," मिस्तरी म्हणाला, "मला काही झालेलंच न्हाई. मी फकस्त क्षमा करत व्हतो."

बायकांचे पदर डोळ्यांवरून खाली आले.

पाळकसाहेब त्याच्या कानाशी लागले. "थोडंतरी काही असेल ना? बीपी?"

"न्हाई."

"साखर?"

"न्हाई, साहेब."

"शांतवन, वीस मिनिटं मी गुडघ्यांवर होतो! आता मला उठवत नाहीय!"

अधीक्षकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आठवड्यात किती जणांना क्षमा केली?"

"तिघांना."

"आणि मागितली किती जणांची?"

"पाळकसाहेबांनी करायला सांगितली व्हती," शांतवन खाली बघत म्हणाला, "मागायचं काही बोलले न्हाईत."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. अन्सारभाई उठून बाहेर चालले होते. शांतवन मधल्या वाटेने धावला आणि त्यांना टेम्पोपाशी गाठलं.

"अन्सारभाई, चुकलं माझं!"

"चुकलं?" अन्सारभाई कडाडले. "अब्बा गेले तवा मी एवढा रडलो न्हाई! जुम्म्याला मशिदीत तुमच्यासाठी दुआ मागितली, चार लोकांना मागायला लावली! आता अल्लाला काय सांगू? गलती झाली, बंदा घोड्यासारखा हाय?"

"मी दुकानातच सांगणार व्हतो. पण तुमी चा आणला. सांगितलं असतं, तर तुमी पुन्हा पडदा लावला असता."

अन्सारभाईंनी रुमालाने पुन्हा चष्म्याची तीच काच पुसली.

"मला माफ करा," शांतवन म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कंप आणावा लागला नाही.

"न्हाई करत. माफी केली की तुमी कॅलेंडरवर खूण कराल. मला काय दिसत न्हाई पडद्यातून?" अन्सारभाईंनी रुमाल खिशात कोंबला. "चला, कुठं टपरी हाय का बघा. दोन चा सांगा. तीन दिवस एकट्यानं पिऊन राहिलो, तर गोडच लागंना."

चहा पिऊन शांतवन आत आला, तोवर मतदान सुरू झालं होतं. मास्तरांनी मागे घेतलेलं नाव मंडळीने पुन्हा पुढे केलं होतं. मास्तरांच्या बाजूने झाडून सगळे हात वर. करुणाबाईचे तर दोन्ही!

उपासना संपली. मंडळी बाहेर मांडवात जेवायला बसली. मिस्तरी हळूच एका टोकाला बसणार, एवढ्यात नव्या कारभाऱ्यांनी आवाज दिला. बर्णबा मास्तरांचा पहिलाच हुकूम होता, की वेदीवरचा पंखा दोन महिने करकरतोय आणि मिस्तरी आयतेच आलेत! सगळे पंगतीत वरण-भात ओरपत असताना शांतवन रिकाम्या चर्चमध्ये डगमगत्या स्टुलावर चढून पंख्याचे बोल्ट आवळत होता.

मागून पावलं वाजली. करुणाबाई एका हातात झाकलेलं ताट घेऊन आली होती. तिने ताट बाकावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

शांतवनला भरून आलं. "करुणा, म्हणजे तू मला..."

"हलू नका!" ती खालून म्हणाली. "आज पडून मेलात, तर पाळकसाहेबांची वीस मिनिटं फुकट गेली म्हणतील लोक!"