इंगळेकाकांचं कारंजं

आमचे शेजारी इंगळेकाका घरी आले की आधी नमस्कार करत नाहीत. कोटाच्या खिशातून पाणसळ काढतात आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवतात. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध आला नाही तर काका खिन्न मान हलवतात, दुसऱ्या खिशातून पुठ्ठ्याची घडी काढतात, टेबलाच्या एका पायाखाली सरकवतात आणि पुन्हा बघतात. मग म्हणतात, "आधी सपाटी, मग गप्पा."

गप्पा मात्र ते कधीच मारत नाहीत. टेबल सपाट झालं की खाली गाडीत जातात आणि कारंजं घेऊन वर येतात.

हे कारंजं चॉकलेटचं आहे. उंची साधारण कुकरएवढी. खाली तापणारं पातेलं, वर तीन मजले आणि मधे एक नळी. नळीत मळसूत्र फिरतं, ते पातळ चॉकलेट वर खेचतं आणि मग ते मजल्यामजल्यावरून पडद्यासारखं खाली येतं. काड्यांना फळं टोचायची आणि त्या पडद्यात धरायची. लहान मुलांच्या वाढदिवसाला वर्षातून एकदा काढावं असं हे यंत्र. इंगळेकाका ते इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावातल्या, झाडून सगळ्या घरांत घेऊन जातात. बोलावणं एकट्या काकांना असतं, पण येतात दोघं.

काका मूळचे अकोल्याचे. इथल्या एका कंपनीत जन्मभर पंपांची डिझाइनं केली आणि निवृत्त झाले. त्यामुळे कारंज्याकडे ते खाण्याची वस्तू म्हणून बघतच नाहीत. त्यांना स्वतःला मधुमेह आहे, चॉकलेट ते जिभेला लावत नाहीत. नियम मात्र कडक. पंखा चालवायचा नाही. खिडकी उघडायची नाही. फळं धुतली तर टिपकागदानं कोरडी करायची, कारण पाण्याचा एक थेंब गेला तरी चॉकलेटचा गोळा होतो आणि मळसूत्र अडकतं. "पाणी म्हणजे मरण," ते पाहुण्यांच्या हातातली स्ट्रॉबेरी निरखून म्हणतात. कुणी बिस्किट बुडवायला आलं तर काका हात आडवा धरतात. भुगा पडतो म्हणून. आणि सगळं मनासारखं चालू झालं, पडदा अखंड पडायला लागला, की स्वतःशीच एकदा म्हणतात, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

जर्मनमध्ये या यंत्राला शोकोब्रुनेन म्हणतात. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा काकांनी दारातच अभिमानानं सांगितलं, शोकोब्रुनेन आणलंय. सासूबाईंना त्यातलं 'शोक' तेवढं ऐकू आलं. त्यांनी हळूच मला बाजूला घेऊन विचारलं, अगं, कोण गेलं?

या माणसाच्या शेजारी राहायचं म्हणजे लाजेची सवय करून घ्यावी लागते. मंडळाच्या गणपतीला त्यांनी उकडीचे मोदक चॉकलेटमध्ये बुडवून द्यायची तयारी केली होती. अध्यक्षीणबाईंनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं ती मला अजून आठवते. काकांना आणण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे कारंज्याची जबाबदारीही माझीच. पण त्याहून कठीण प्रसंग आला तो तळमजल्यावरच्या जर्मन आजोबांच्या वेळी. आजोबा गेले. दफनानंतर इथे जवळच्या लोकांना कॉफी आणि केक असतो. आम्ही काळे कपडे घालून त्या हॉलमध्ये गेलो, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी काळ्या कोटातले इंगळेकाका पाणसळ लावून उभे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी जवळ जाऊन कुजबुजले, काका, अहो, इथे कसं आणलंत? ते तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "माणसं जमणार होती ना?" तासभर त्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. शेवटी आजोबांची दोन लहान नातवंडं गेली. काकांनी त्यांच्या काड्यांना केळ्याचे काप अशा गांभीर्यानं टोचून दिले, की त्यांच्यामागून दोन-तीन मोठी माणसंही उठली. मी मात्र भिंतीकडे तोंड करून कॉफी संपवली.

इंगळेकाकू असत्या तर हे झालं नसतं, असं सगळे म्हणायचे. सुलभाकाकू चार-पाच वर्षांपूर्वी गेल्या. बाई अतिशय बोलकी. बेकरीतल्या मुलीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांशी, अकोल्याच्या ठसक्यात जर्मन बोलायची. काका त्यांच्या मागे पिशव्या धरून. काकूंच्या हयातीत कारंजं आम्ही कधी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

त्यांची मुलगी रेवा हॅनोव्हरला असते. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. फोनवर काका मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये सांगते, आणि दोन मिनिटांत दोघंही दमतात. गेल्या वसंतात तिनं आणि तिच्या जर्मन मित्रानं, लुकासनं, एकत्र घर घेतलं, भाड्याचं, आणि घर बघायला सगळ्यांना बोलावलं. लुकासचे आईवडील पहिल्यांदाच काकांना भेटणार होते. रेवानं मलाही आग्रहानं बोलावलं. आईच्या जागी कुणीतरी असावं म्हणून असेल.

ट्रेनमध्ये काकांनी कारंज्याचं खोकं मांडीवर घेतलं होतं. वर सामान ठेवायला जागा आहे, असं शेजारच्या बाईंनी दोनदा सुचवलं. काकांनी दोन्ही वेळा त्यांना डांके, म्हणजे आभारी आहे, म्हटलं आणि खोकं आणखी घट्ट धरलं.

रेवाच्या घरात त्यांनी खोलीतल्या टेबलावर सगळं व्यवस्थित मांडलं. पडदा छान पडत होता. तेवढ्यात लुकासची आई म्हणाली, बाहेर इतकं सुंदर ऊन आहे, सगळं गॅलरीत नेऊ या ना. काकांनी बाहेर पाहिलं. गॅलरीतल्या कुंडीतली फुलं एका बाजूला झुकलेली होती. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं, शब्द जुळवायचा प्रयत्न केला, "आल्झो..." म्हणजे 'तर...' एवढंच म्हणाले आणि थांबले. तोवर लुकासनं टेबल उचललंच होतं. काका वायर धरून मागोमाग गेले.

पहिल्या झुळुकेला पडदा तिरका झाला. दुसरी आली आणि चॉकलेट लुकासच्या आईच्या फिकट पिवळ्या ड्रेसवर गळ्यापासून कमरेपर्यंत उडालं. उरलेलं भिंतीवर गेलं. भाड्याच्या घराची पांढरीशुभ्र भिंत म्हणजे इथे काय असतं, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल; घर सोडताना ती तशीच परत द्यावी लागते. त्या बाई हसल्या. सभ्य माणसं रडायला येऊ नये म्हणून हसतात तसं. काका गुडघ्यांवर बसून टिपकागदानं भिंत टिपत होते आणि प्रत्येक डागाला एकदा एन्टशुल्डिगुंग, माफ करा, म्हणत होते. रेवा दारात उभी होती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाहेर आणायचं काकांच्या मनात नव्हतं हे तिला सांगावं असं मला वाटलं, पण लुकासच्या आईसमोर ते बोलायचं कसं? काका तर स्वतः बोललेच नाहीत. परतीच्या प्रवासात खोकं त्यांच्या पायाशी होतं.

उन्हाळ्यानंतर रेवा गेर्लिंगेनला आली ती साखरपुड्याचं सांगायला. समारंभ लुकासच्या आईवडिलांच्या घरी होता, हॅनोव्हरजवळच्या गावात. आईची एक साडी तिला नेसायची होती, म्हणून ती निवडायला मदत करायला मी काकांकडे गेले होते. चहा झाला. मग ती कपाकडे बघत जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, बिट्टे. ओने ब्रुनेन."

म्हणजे, प्लीज, कारंज्याशिवाय या.

मला उठून जाता येईना आणि बसवेना. काकांनी थोडा वेळ टेबलावरून हात फिरवला. "नको म्हणजे नको," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं." नंतर उठले आणि काकूंच्या साड्यांचं कपाट उघडून दिलं. रेवानं निवडलेल्या साडीला काठाजवळ छोटी चीर होती. काकांनीच ती दाखवली आणि दुसरी काढून दिली.

साखरपुड्याला ते नवा कोट घालून आले. हातात काही नव्हतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातानं कुणाच्या घरात शिरताना पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, पाठीमागे नेले. लुकासचे काका येऊन हवापाण्याचं बोलले. इंगळेकाका "जा, जा" म्हणजे हो, हो म्हणाले, मग दोघंही हसले, आणि मग ते गृहस्थ दुसरीकडे गेले. एक बाई आल्या, त्याही गेल्या. काकांनी टेबलांवरचे रिकामे ग्लास गोळा करायला सुरुवात केली. वाढणाऱ्या मुलीनं ते त्यांच्या हातातून नम्रपणे काढून घेतले. थोड्या वेळानं बघते तर ते कुठेच नाहीत.

ते मला दाराजवळच्या बोळात सापडले. पाहुण्यांचे कोट तिथे अडकवलेले होते आणि काका ते एकेक सरळ करत होते.

मी विचारलं, काका, बरं नाही का?

"बरा आहे," ते म्हणाले. एका कोटाची बाही सरळ करत राहिले. "तुझी काकू होती तेव्हा मला बोलावं लागत नसे, शुभा. ती बोलायची, मी शेजारी उभा राहायचो. लोकांना वाटायचं आम्ही दोघं बोलतोय."

ते पुढच्या कोटाकडे वळले.

"ती गेल्यावर एका ठिकाणी जेवायला गेलो. माझ्याजवळ कुणी थांबेना. त्यांची चूक नाही. मलाच काही सुचत नाही, मराठीतही नाही. मग ते यंत्र आणलं. ते ठेवलं की माणसं आपणहून येतात. डांके म्हणतात, मी बिट्टे म्हणतो. तेवढं जमतं मला."

तेवढ्यात रेवा त्यांना शोधत आली. लुकासच्या वडिलांचं बोलून झालं होतं. इथल्या रीतीप्रमाणे आता मुलीच्या वडिलांनी चार शब्द बोलायचे, आणि सगळे थांबले होते. काका कोटांना पाठ लावून उभे राहिले.

"मला नाही जमणार, बाळा," ते म्हणाले. "तुझी मान खाली जाईल."

रेवा काकूंच्या साडीत होती. ती त्यांच्याजवळ आली. मग शब्द शोधत, अडखळत, मराठीत म्हणाली, "तू मराठीत बोल, बाबा. मी सांगते त्यांना."

काका आत गेले. पाहुण्यांसमोर उभे राहिले. त्यांचा आवाज इतका लहान होता की मागची माणसं पुढे सरकली. रेवा लहानपणी किती बोलायची, ते त्यांनी सांगितलं. ती आईवर गेलीय, असंही सांगितलं. रेवा एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत होती आणि लोक हसत होते, माना डोलावत होते. मग काका लुकासच्या आईकडे बघून म्हणाले,

"त्या दिवशी वारा आहे हे मला दिसत होतं. सांगता आलं नाही. मला बोलता येत नाही म्हणून मी ते यंत्र घेऊन फिरतो. रेवाला त्याची लाज वाटते. मलाही वाटते. पण लोकांत रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं, ते तिच्या आईनं मला शिकवलंच नाही."

रेवानं तोंड उघडलं आणि मिटलं. सगळे वाट बघत होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत त्या दोघांखेरीज हे कळलेली मी एकटीच होते, आणि मी नजर खाली वळवली.

लुकासच्या आईनं हळूच विचारलं, काय म्हणाले ते?

"ते म्हणतात," रेवा जर्मनमध्ये म्हणाली, "तुम्ही सगळे आलात, त्यांना फार बरं वाटलं."

एवढं जर्मन काकांना नक्कीच कळलं असणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेवानं त्यांचा हात धरला आणि तो पुढे बराच वेळ सोडला नाही. त्या संध्याकाळी ती त्यांच्या शेजारून हललीच नाही. माणसं येत होती, रेवा बोलत होती, काका जवळ उभे राहून ऐकत होते.

मी माझी बशी उचलली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. दुसऱ्याच्या घरातलं इतकं आपण बघायला नको होतं, असं मला वाटत राहिलं.