घाणेरीचं औषध

वनरक्षक हरिश्चंद्र म्हात्रेने घाणेरीशी उभा दावा मांडला होता. काशीमिऱ्यामागच्या जंगलातला त्याच्या वाट्याचा एकरभर तुकडा या परदेशी झुडपाने गिळून टाकला होता. तिथे लावण्यासाठी पेणकरपाड्यातल्या घरामागे त्याने ऐनाची आणि कांचनाची दोनशे रोपं पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. पण साहेबांनी मे महिन्यात बजावलं, "पंधरा दिवसांत जागा साफ दिसली पाहिजे. नाहीतर रोपं दुसऱ्या वनरक्षकाला देईन. औषध मारून बघा, मला अहवाल पाठवायचाय."

हरिश्चंद्र तडक केबिन रोडवर जितेशभाईच्या बियाण्यांच्या दुकानात गेला.

"जंगल के झाड का औषध चाहिए. एकदम जड़ तक जाना चाहिए."

"जड़ तक? ये लो. आठ दिन में फरक देखो!"

डब्यावर सगळा मजकूर इंग्रजीत होता आणि वर एका हिरव्यागार झाडाचं चित्र होतं. हे मारण्याआधीचं असणार, अशी हरिश्चंद्रने स्वतःची समजूत घातली.

रोज सकाळी पिंपभर पाण्यात औषध कालवून तो घाणेरीच्या बुंध्याशी ओतू लागला. आठव्या दिवशी घाणेरीला बोटभर कोंब फुटले आणि ती फुलांनी लदबदली.

"हरीदादा, मरनारी अशी नटत न्हाय," मजूर बायकांची मुकादम सुगंधा म्हणाली.

"शेवटचं फुलतेय. उद्यापासून दुप्पट औषध!"

तेराव्या दिवशी तो पुन्हा दुकानात उभा होता. "जितेशभाई, मरत नहीं है!"

"मरेगा कायको? टॉनिक है! मारना था तो जहर बोलना था ना. औषध से कोई मरता है क्या?"

आता दोनच दिवस उरले होते. पण रोपं दुसऱ्याच्या हाती द्यायची नाहीत, हे पक्कं होतं. तो जंगलात परतला आणि त्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या.

"सुगंधाताई, कुदळी काढा."

तेरा दिवस पाणी पिऊन जमीन लोण्यासारखी झाली होती. बारा बायका आणि एक हरिश्चंद्र असे भिडले, की दोन दिवसांत घाणेरी मुळासकट बाहेर आली. सगळ्यांच्या तळहातांना फोड आले होते.

साहेब आले आणि बघतच राहिले. "वा! मूळसुद्धा शिल्लक नाही! कुठलं औषध?"

"साहेब, हे खणून..."

"डबा दाखवा." चिखलाने माखलेल्या डब्यावरचं नाव साहेबांनी वहीत उतरवून घेतलं.

"साहेब, ते टॉनिक आहे."

"टॉनिकच म्हणायचं! जंगलाला नवा जीव आला!" साहेब खूश होऊन हसले. "असे वीस डबे पाठवतो. शेजारचे दहा एकरही तुम्हीच साफ करा. आणि रोपं तुमचीच."

आणखी काही सांगायला उघडलेलं हरिश्चंद्रचं तोंड या शेवटच्या वाक्याने मिटलं. मागे सुगंधाने कपाळावर हात मारला.

जीपमध्ये बसता बसता साहेब गंभीर झाले. "एकच काळजी घ्या, म्हात्रे. एवढं जालीम औषध आहे, चुकूनसुद्धा रोपांवर पडता कामा नये."