पाच नंबरची जर्सी

हेप्टनबाईंच्या घरात उबदार जागा एकच, बंबाशेजारचं कपाट. रग्बी क्लबच्या सगळ्या जर्सी धुऊन त्या तिथेच वाळत घालायच्या. त्यांचा भाडेकरू स्काल्क टर्ब्लांश यानेही मांस वाळवायला शेवटी तेच कपाट गाठलं. दक्षिण आफ्रिकेत, करूच्या कोरड्या माळावरच्या शेतावर मांसाच्या पट्ट्यांना मीठ, धने आणि व्हिनेगर चोळून ओसरीत टांगलं की वाऱ्यानेच बिलटाँग तयार व्हायचं. यॉर्कशरच्या दमट हवेत पट्ट्यांना बुरशीच्या मिशा फुटत.

शनिवारी सकाळी बाईंनी कपाट उघडलं आणि त्यांची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मांसाचं पाणी नेमकं पाच नंबरच्या जर्सीवर ठिबकलं होतं. ती स्काल्कचीच. बाईंची कुत्री डचेस कपाटासमोर ठाण मांडून बसली होती.

"मावशी, मला वाटलं जर्सी कालच गेल्या."

"वाळल्याशिवाय जातील कशा? आणि आज शेवटची चाचणी ना रे तुझी?"

शेवटचीच. क्लबने जहाजाचं भाडं भरून त्याला आणला होता. पैसे घेऊन खेळायला गेला म्हणून मायदेशी हौशी रग्बीचे दरवाजे कायमचे बंद झाले होते. इथे जमलं नाही तर बापाच्या मेंढ्या, आणि बापाचे टोमणे. कोच ब्रॅम्लीचं मत तर आधीच ठरलं होतं. "अंगापिंडाने बैल आहे, पण पळतोही बैलासारखाच."

बाईंनी जर्सी पुन्हा खसाखसा धुतली, बंबावर धरून सुकवली आणि वर लॅव्हेंडरचं पाणी शिंपडलं. आता तिला धन्यांचा, मांसाचा आणि चर्चमधल्या म्हाताऱ्यांचा मिळून वास यायला लागला.

"जेवणाचा डबा कोणी आणलाय?" खेळाडूंच्या खोलीत ब्रॅम्लीने विचारलं. स्काल्क गुपचूप खिडकीपाशी सरकला.

सामना संपत आला तेव्हा संघ दोन गुणांनी मागे होता. कठड्याला टेकून लोक नेहमीप्रमाणे आपापली शर्यतीची कुत्री घेऊन उभे होते, त्यात डचेसला धरून हेप्टनबाईही. चेंडू स्काल्ककडे आला. समोर मैदान मोकळं. तो आपल्या चालीने निघाला आणि मागून दोघे जण त्याला गाठणार, एवढ्यात भुंकणं ऐकू आलं. त्याने वळून पाहिलं. त्या दोघांना मागे टाकून डचेस येत होती.

मग स्काल्क पळाला. रेषेपलीकडे चेंडू टेकवला तरी थांबला नाही. कठड्यावरून उडी मारणार तोच जर्सीचा मागचा तुकडा डचेसच्या तोंडात गेला.

"हे काय, पंच?" समोरचा कप्तान ओरडला.

"कुत्रीने चेंडूला तोंड लावलेलं नाही," पंच म्हणाले. "गुण मान्य."

संध्याकाळी ब्रॅम्ली करार घेऊन घरी आला. स्काल्कने सही केली.

"एवढा पळतोस, तर आजवर लपवलंस का?"

"साहेब, खरं सांगायचं तर ती कुत्री..."

"चहा पी," बाईंनी कप त्याच्या तोंडापाशीच नेला.

कोच गेल्यावर बाई जर्सीला ठिगळ लावायला बसल्या. स्काल्कचे डोळे भरून आले होते, पण शंका जात नव्हती.

"मावशी, डचेस सुटली कशी हो?"

"संधिवात रे. बोटांत जोर राहिला नाही."

समोरच्या टोपलीत त्यांनी त्याच हातांनी पिळून ठेवलेल्या बाकीच्या जर्सी होत्या. पाण्याचा थेंब गळत नव्हता.

"मग पुढच्या शनिवारी?"

"टांग की मांस," सुईत दोरा ओवत बाई म्हणाल्या. "पण पाच नंबरवरच. बाकीच्यांना पळता येतं."