नवाबाची परीक्षा

भुजंगप्पांना जगातलं सगळं समजायचं. उदगीरच्या लोकांना त्याची किंमत नव्हती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर ऐकून घ्यायला कोणीच उरलं नाही, म्हणून त्यांनी कुत्रा पाळला आणि त्याचं नाव नवाब ठेवलं. नवाब बिचारा मान वाकडी करून सगळं ऐकायचा. (कळत नसल्यामुळे त्याला ते जमायचं.)

पण त्यानं भुजंगप्पांच्या बायकोच्या, उमाबाईंच्या माहेरचा चौरंग कुरतडला. उमाबाईंनी आदळआपट केली नाही. आणखी एका लाकडाचं नुकसान झालं, की हे ध्यान चाकूरला माझ्या भावाच्या शेतावर रानडुकरं हाकायला जाईल, एवढंच बजावलं. भुजंगप्पांना धडकीच भरली. नवाब गेला तर बोलायचं कोणाशी?

शहाण्या माणसानं कुत्र्याला लाकडापासून लांब ठेवलं असतं. भुजंगप्पांनी त्याला देगलूर रस्त्यावरच्या सुतारकामाच्या संग्रहालयात नेलं. तिथं उंबऱ्यापासून छतापर्यंत लाकूडच लाकूड. इथं नवाब नीट वागला की बायकोचं तोंड कायमचं बंद, असा त्यांचा बेत. साक्षीला बायकोही सोबत घेतली.

दारावर ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी होती. भुजंगप्पांनी ती नवाबला मोठ्यानं वाचून दाखवली. संग्रहालय सांभाळणारी अक्षरा कुत्र्याला आत सोडायला कां-कूं करत होती, तेव्हा ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, गॅरंटी माझी."

आणि नवाब खरंच नीट वागला. पाळणे, नक्षीचे खांब, पोळ्याचे लाकडी बैल, कशाला त्यानं नाकसुद्धा लावलं नाही. उमाबाईंच्या पायाशी जांभया देत बसला. भुजंगप्पांची छाती फुगली, आणि फुगल्यावर त्यांना गप्प बसवत नाही. अक्षरा काही पाहुण्यांना जुना सागवानी पलंग दाखवत होती. त्यात एकही खिळा नाही, सगळा पाचरींवर उभा आहे, असं ती सांगत होती. भुजंगप्पा मध्येच म्हणाले, असले पलंग आमच्या घरी पडून असायचे. (त्यांचं सगळं बालपण सतरंजीवर गेलं.)

"एक पाचर काढली तरी ह्याला काय होत न्हाई. म्या दाखवतो."

"काका, हात लावू नका," अक्षरा म्हणाली.

"लई पाहिलेत असले." त्यांनी पाचर उपटली आणि पलंग किती मजबूत आहे हे पटवायला वर ऐसपैस बसले.

पलंग बसला. भुजंगप्पा फळ्यांमध्ये कमरेपर्यंत रुतले, पाचर हातातच राहिली. नवाब जागचा हलला नाही. त्यानं नेहमीसारखी मान वाकडी केली आणि मालकाकडं बघत राहिला.

लोकांनी त्यांना उपसून काढेपर्यंत उमाबाईंनी भावाला फोन लावला होता.

"शरणप्पा, डुकरं हाकायला पाठवते म्हणले होते न्हवं? आजच पाठवायलेय. न्हाई रे, कुत्रं न्हाई, ते लई शहाणं हाय. तुझ्या दाजींना पाठवते. अन् सोबत नवाबचा पट्टाबी देते."